चिमट्याशिवाय आलेलं रडू

सासऱ्यांच्या मयतीला मी नवऱ्याच्या नावानं रडले. नवरा समोरच तिरडी बांधत होता.

चांगली हेल काढून रडले. माझं कुंकू पुसलं, माझा धनी मला टाकून गेला, आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू, असं म्हणत छाती बडवली. आवाज माझा पहिल्यापासून मोठा, मेंढरामागं ओरडून कमावलेला. अंगणातल्या बाया एकेक करून गप्प झाल्या तसं मला वाटलं, आपलं रडणं जमलं. म्हणून अजून वरचा सूर लावला. आमच्या मालकांच्या हातातली सुतळी तशीच हातात राहिली. मी तेव्हा अठरा-एकोणीसची असेन. मांडीवर दूधपिती पोरगी होती आणि अकलेनं बघितलं तर ती पोरगी माझ्याहून थोरली.

खूळ लागलं नव्हतं मला. मला शिकवून बसवलं होतं. मयतीला कसं रडायचं ते मला माहीत नाही, असं मी सकाळीच थोरल्या जाऊबाईंना सांगितलं होतं. पाहुण्यांचं पाणी भरता भरता त्या म्हणाल्या, "तुझ्याजवळ बसलेली बाई जे म्हणंल तेच म्हण. फकस्त तिच्याहून मोठ्यानं."

माझ्याजवळ सासूबाई बसल्या होत्या.

नाव कळलं तो दिवस

हे सगळं आता का लिहायला बसले, ते आधी सांगते. माझ्या नातीचा मुलगा पाच वर्षांचा आहे. पडला तर रडत नाही, आणि तासाभरानं जेवता जेवता किंकाळी फोडतो. नात त्याला परभणीला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन निघाली, मी हौसेनं संगं गेले. बाईंनी त्याला तोंडांची चित्रं दाखवली. हा माणूस हसतोय का रागावलाय, सांग. पोरगं खिडकीच्या जाळीकडं बघत बसलं. मला राहवलं नाही. मी एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, ह्या बाईचा जबडा बघा, मेंढी असती तर म्हटलं असतं की हिनं दोन दिवस रवंथ केलेलं नाही.

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. मग पोराचं राहिलं बाजूला, मलाच प्रश्न. लहानपणी आवाजाचा त्रास व्हायचा का? लोक का हसतात ते कळायचं का? आई गेली तेव्हा काय वाटलं? शेवटी म्हणाल्या, आजी, ह्याला ऑटिझम म्हणतात, तुमच्या पणतूत आहे आणि बहुतेक तुमच्यातही आहे. हा रोग नाही, मेंदूची घडण वेगळी असते. भावना तुम्हालाही येतात, पुऱ्या येतात, पण त्यांची खबर तुम्हाला उशिरा पोचते.

मी म्हणाले, रोग नाही तर दवाखान्यात कशाला बोलावलं? बाई हसल्या. मी घरापर्यंत हसत आले. आठवड्यानंतर एका सकाळी डाळ निवडता निवडता ताटच हातातून सुटलं. खबर पोचली होती. भावना तुम्हालाही येतात, हे एक वाक्य एवढ्या वर्षांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

चिमटा आणि पदर

माझं माहेर देवगाव फाट्याकडचं, मेंढरंवाल्यांचं. सासरचीही मेंढरं होती, पण निजामावरच्या पोलीस अॅक्शनच्या धामधुमीत ती गेली आणि सगळं घर सेलूत येऊन कापसाच्या जिनिंगच्या कामाला लागलं. मी लग्न होऊन आले ती त्या भोंग्यात. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की मी हातातलं टाकून बाजेखाली शिरायची. नवी नवरी बाजेखाली, आणि वर सासरे खाकरत बसलेले. माझी अब्रू तिथूनच गेली.

तेव्हा मला सांभाळलं ते जाऊबाईंनी. गयाबाई त्यांचं नाव, मी नुसतं बाई म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. भोंग्याची वेळ झाली की त्या मागून येऊन माझ्या कानांवर तळवे ठेवायच्या. हाताला सरकीच्या तेलाचा वास असायचा. कुणी काही न बोलता माझ्यासाठी काही करतंय, हे मला तिथं पहिल्यांदा मिळालं.

माझं तोंड वेळेवर हलत नाही, हेही त्यांनीच ओळखलं. पाहुण्यांत बसलं की कुठं हसावं, कुठं डोळ्याला पदर लावावा, मला काही उमगायचं नाही. मग आमचं ठरलं. बाईंनी मांडीला चिमटा काढला की रडायचं, पदर ओढला की हसायचं. दोन वर्षं मी त्या चिमट्यावर अब्रूदार सून म्हणून चालले. एका लग्नात पदर दाराच्या कडीला अडकला आणि नवरीच्या बापाच्या तोंडावर मी खदखदा हसले, तेवढं एक सोडलं तर.

बाईंना मी सगळं सांगायची. माझी आई गेली त्या दिवशी मी एक टिपूसही न गाळता लोकर पिंजत बसले होते, हेही सांगितलं. कुणाला सांगू नका, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली.

मयतीच्या दिवशी बाई पाहुण्यांच्या गर्दीत लांब होत्या, चिमटा पोचणार नव्हता. म्हणून ते तोंडी सांगणं.

आठवण करून दिली

दहावा-तेरावा होतो न होतो तोच मालकांना हिवताप भरला. मग काय, अवघ्या गल्लीनं त्या तापाचा संबंध माझ्या रडण्याशी लावला. जित्या नवऱ्याला मेला म्हणून रडली, आता बघा. सासूबाईंनी घरात सगळ्यांना बसवलं आणि थोरल्या दिरांनी मला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

मी म्हणाले, बाईंनी.

जाऊबाई ज्वारी निवडत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, मी कशाला असलं अभद्र शिकवू?

आता माझं शहाणपण ऐका. ह्या खोटं बोलतायत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. माणूस खोटं बोलतो हे मला माहीत होतं, पण तळवे ठेवणारा माणूस बोलतो हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बाई विसरल्या. म्हणून मी सगळ्यांसमोर त्यांना मदत केली. तुम्ही घागर खाली ठेवली, पदर खोचला, आणि असं असं म्हणालात, शब्दाला शब्द लावून आठवण करून दिली. जितकं नीट सांगत गेले, तितकी घरातली माणसं माझ्यापासून सरकून बसत गेली.

मग बाई बोलल्या. "तिला काही लागतच न्हाई, आत्याबाई. सोताची माय मेली तवा लोकर पिंजत बसली व्हती. तिनंच सांगितलंय मला."

माझे कान तापले. दात एकमेकांवर बसले ते सुटेनात. मला वाटलं, मालकांचा ताप मलाही लागला. मी उठून पाणी प्यायले आणि सुंदराला पाजायला बसले. सुंदरा म्हणजे माझी पोरगी. त्या पाणी पिण्यावरूनही सासूबाई म्हणाल्या, बघा, हिला काही वाटतंय का.

च्या येतोय

मालकांचा ताप उतरल्यावर एक दिवस ते म्हणाले, परभणीला औषध आणायला जायचंय, तू संगं चल. पोरगी राहू दे वैनीजवळ, सांजच्याला माघारी येऊ. मला केवढा आनंद. आजारी नवऱ्याला माझी गरज लागली. त्यांचं कांबळं, भाकरी, पाण्याचा तांब्या सगळं मीच उचललं. गाठोड्यात सुंदराची कुंची होती. तिनं सकाळी दूध ओकलं होतं, कुठं नळ दिसला तर धुवावी म्हणून घेतली होती.

परभणीतला तो दवाखाना कुठला, ते सांगत नाही. डॉक्टर निजामाच्या वेळेपासूनचे, म्हातारे. त्यांनी विचारलं, "मरीज कौन?" मी मालकांकडं बोट केलं. मालकांनी माझ्याकडं केलं. डॉक्टरांनी दोघांना नीट बघून घेतलं आणि ज्याच्या डोक्यावर पागोटं होतं त्याचं ऐकलं. मालक त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ बोलले. मग मला बाकड्यावर बसवून म्हणाले, "हितंच बस. मी च्या घिऊन येतो."

मी बसले. ऊन बाकड्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलं. नर्सबाई येऊन म्हणाल्या, आत चल, तुला खाट दिलीय. मी म्हणाले, च्या यायचाय. त्या परत आल्या, मी परत तेच. शेवटी दोघींनी दंडाला धरून नेलं. वॉर्डातल्या बायांनी माझं नाव च्यावाली ठेवलं. तो चहा अजून आलेला नाही.

दवाखान्याचं सांगायचं तर सकाळी फिनेलनं फरशी पुसायचे, मग दूध-पाव, मग डॉक्टरांची फेरी. भोंगा नव्हता, पण भांडी आदळायची. मी कानावर हात घेते हे बघून नर्सबाईंनी कापसाचे दोन बोळे दिले. सेलूत सगळं गाव कापसानं पांढरं, पण असे बोळे मिळाले ते परभणीला. ती बाई मी अजून विसरले नाही.

डॉक्टर रोज विचारायचे, क्या तकलीफ है? मी म्हणायची, पोटात दगड आहे, गळ्यात भाकरी अडकलीय. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि जुलाबाचं दिलं. दगड काही पडला नाही. मला टाकून गेलेत, हे समोर दिसत असूनही मी जुलाबानं बरी व्हायची वाट बघत होते. एवढी मी हुशार.

कुंची

शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण तापानं पडली होती. दूध आटलेलं. तिची सासू कोकराएवढं पोर घेऊन वॉर्डभर फिरायची. आणि माझी छाती दुधानं दगडासारखी, हात लावू देत नव्हती. नर्सबाईंनी विचारलं, घेतेस का? मी घेतलं. पोरानं तोंड लावलं, ओढलं, रडलं. थेंब येईना. माझं अंगच मागं सरकत होतं. मला फार वाईट वाटलं, असं लिहायला हवं, पण मला तेव्हा एवढंच वाटलं की मेंढी परकं कोकरू घेत नाही.

आणि मग बाची आठवण झाली. बा म्हणजे माझे वडील. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं पोरकं असलं, तर बा मेलेल्याचं कातडं काढून त्या पोरक्याच्या अंगावर बांधायचा. मेंढी हुंगायची, तिला आपलाच वास लागायचा आणि ती पान्हा सोडायची.

मी गाठोडं सोडलं. सुंदराची न धुतलेली कुंची काढली आणि त्या पोराच्या डोक्याला बांधली. नाक खाली नेलं. आंबूस दुधाचा, तेलाचा, तिच्या टाळूचा वास.

दूध आलं. पोर गटागटा प्यायला लागलं. आणि माझ्या गालांवरून पाणी. मी आधी मांडीकडं बघितलं, चिमटा कुणी काढला म्हणून. तिथं कुणी नव्हतं.

मग एकदम ध्यानात आलं की कातडं बांधतात ते कोकरू मेल्यावर. माझी सुंदरा तर जिती आहे, सेलूत आहे, बाईंच्या मांडीवर आहे. आणि मला ती परत कुणी देणार नाही. हे सगळं ठरवून झालेलं आहे. च्या, औषध, सांजच्याला माघारी, सगळं. लाथ बसली होती कधीची, दुखलं ते आत्ता. मी त्या परक्या पोराला धरून एवढ्या मोठ्यानं रडले की सासऱ्यांच्या मयतीतलं रडणं त्यापुढं पोरखेळ. शब्द एकही नव्हता त्यात.

नर्सबाईंनी डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टर लांबून बघत उभे राहिले, मग म्हणाले, ही पागल नाही, हिला घरी न्यायला कुणी आहे का ते बघा. त्या बाळंतिणीच्या सासूचं गाव आमच्या माहेराशेजारचं निघालं. तिनं जाऊन बाला निरोप दिला.

दारात

बा मेंढरं भावावर सोडून परभणीला आला. वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तोही माझ्यासारखाच होता, हे आता कळतं. सेलूत आमच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "पोर द्या. मंग हिला मी घिऊन जातो."

सासूबाई म्हणाल्या, वेडी गळ्यात बांधलीत ती बांधलीत, आता आमचं लेकरू कशाला मागता? जी मेलेल्याला अन् जित्याला सारखीच बघते, तिच्या हाती पोर देतात का? मालक खांबाला टेकून उभे होते. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला घेतली ती सोडलीच नाही. आत जाऊबाईंच्या कडेवर सुंदरा होती. माझ्याकडं बघून तिनं तोंड फिरवलं आणि बाईंच्या खांद्यात घातलं. सगळ्या घरात माझ्याशी उघड वागली ती तेवढीच.

मला चिमटा काढायला कुणी नव्हतं. मग मी आजारी मेंढी बघतात तशी स्वतःला बघायला लागले. आणि जे दिसत गेलं ते मोठ्यानं म्हणत गेले. "माझे कान तापलेत. दात सुटंनात. गुडघ्याच्या वाट्या हलायल्यात. हे तापाचं न्हाई, मला आता कळलं. मला राग आलाय, आत्याबाई. तुमचा सगळ्यांचा. अन् गळ्यात जे अडकलंय, ते पोरीचं हाय."

दारात जमलेल्या बायांतली एक हसली. आपल्या रागाचं कुणी असं वर्णन करतं का? पण आवाज ऐकून सुंदरा रडायला लागली, आणि ती रडली तशी माझी चोळी पुढून भिजत गेली. मी काही केलं नाही, नुसती उभी होते. सासूबाई ते बघत राहिल्या. मग उठल्या, आत गेल्या, जाऊबाईंच्या कडेवरून पोर काढली आणि माझ्या हातात दिली.

दोन पावसाळे मी माहेरी मेंढरामागं काढले. मग मालक न्यायला आले आणि मी गेले. का गेले, असं नात चिडून विचारते. कुठं जाणार होते, पोरी? पण जाताना एक अट घातली की च्या मी स्वतः करून पिणार. मालकांना ती कळली. जन्मभर त्यांनी माझ्यासमोर चहाचं नाव काढलं नाही, मागायचा झाला तर गरम काहीतरी दे म्हणायचे.

ज्यांना माझ्यासारखं आहे त्यांच्यासाठी

मी अजूनही मनातलं थेट ओळखत नाही. अंगावरून जाते. कान तापले आणि दात बसले, तर राग. गळा भरला, जेवण जाईना, तर कुणाची तरी आठवण, नाहीतर दुःख. हाताची बोटं गार पडली तर भीती. हसू येतंय आणि गुडघे हलतायत, तर ते हसू खरं नाही. एवढं बघायला वेळ लागतो, तो मागून घ्यायचा. समोरच्याला सांगायचं, थांब, मला काय झालंय ते उद्या सांगते. लोक चिडतात, चिडू द्या. राग ओळखू आला की मी बाहेर जाऊन काहीतरी जड उचलते. घागर चालते. आता कंबर चालत नाही म्हणून उशी धोपटते.

आणि ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांनी त्याचं कोरडं तोंड बघून त्याला काही वाटत नाही, असं समजू नका. त्याच्यासमोर तर तसं बोलूच नका. ते ऐकतं, आणि वर्षानुवर्षं खरं मानतं. मी मानलं होतं.

बाईंचं बोलणं

जाऊबाईंबरोबर मी त्यानंतर एकाच चुलीवर राहिले. भोंगा झाला की त्या पुन्हा मागून येऊन तळवे ठेवायला बघायच्या. मी बाजूला व्हायची आणि कापसाचे बोळे घालायची. भांडले नाही. कसं भांडतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवणाऱ्या बाईच होत्या.

महाराष्ट्र झाला त्या साली सुंदरा शाळेत जायला लागली आणि बाई अंथरुणाला लागल्या. त्यांचं सगळं मीच करायची. एक दिवस त्यांच्या डोक्याला तेल लावता लावता मी सरळ विचारलं, कारण आडून विचारणं मला येत नाही. बाई, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, माझ्याकडून कुणाचे शब्द हलत नाहीत. ते आठवलं की कधी माझे कान तापतात आणि कधी गळा भरतो. दोन्ही एकदम होतं तेव्हा त्याला काय म्हणायचं, ते मी डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

"मला पोर न्हाई म्हणून मला काडायचं आधीच चाललं व्हतं, गोदे. म्या शिकवलं म्हणले असते तर त्याच दिशी भायेर गेले असते. मला वाटलं, मी गेले तर मरंन, अन् तुला काय, तुला काही लागतच न्हाई. तुला लागतंय हे ठाऊक असतं ना गं, तर म्या माजंच नाव सांगितलं असतं."